साडेआठ पौंडांचा आवाज

४ मार्च

ट्रूला,

मी फोन केला की तू ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. कागद फाडायला तरी हातात धरावा लागतो, तेवढ्यात चार ओळी डोळ्यांखालून जातील. नऊ वर्षं झाली. पुरे झालं आता.

काम आईचं आहे, माझं नाही. ती चौऱ्याऐंशीची झाली. यंदा डेकोरेशनचा रविवार, कबरी फुलांनी सजवायचा, एकोणीस मेला आहे आणि तिने जाहीर करून टाकलंय की हे तिचं शेवटचं. लाँचमध्ये चढायचं, धरणाचं तळं ओलांडायचं, मग हिकरी टेकडीवर कबरींपर्यंत जायचं, हे पुढच्या वर्षी आपल्याच्याने होणार नाही म्हणते. मी म्हटलं, "बरं, मग यंदा काय हवंय तुला? नवी टोपी?"

तर म्हणाली, "तुमच्या डॅडींच्या कबरीपाशी त्यांचं नदीचं गाणं हवंय. ट्रूलाने म्हटलेलं, तू वाजवलेलं. दोघींचं. एकटीचं नको."

बस, एवढंच. मिशिगनहून यायचं की नाही ते तू ठरव. मी पाया पडणार नाही.

माझी तयारी मी सुरू केली आहे. डॅडींची लाल, विजेवरची गिटार काढली. टेकडीवर वीज कुठली, म्हणून बॅटरीवर चालणारा, आवाज मोठा करणारा छोटा अँप घ्यायचाय, हातात धरून नेता येईल असा. जुनी लाकडी गिटार का नाही असं विचारशील, तर ती न्यायला अवघड होते.

शनिवारी डेलमरच्या दुकानात गेले. तुझ्या वर्गातला डेलमर, आता गिटारी विकतो आणि डोक्यावरचे सगळे केस कानांवर आलेत. त्याने आधी काड्यापेटीएवढा एक काढला, पट्ट्याला अडकवायचा. "एक चौकोनी बॅटरी, रेथा. खिशात मावतो." मी तार छेडली. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकल्यासारखं झालं. मी म्हटलं, "डेलमर, हा वाजवायचा की यानं डास पळवायचे?"

मग दुसरा. त्याला हिरवे-निळे दिवे. "हा फोनला जोडला की चाळीस तऱ्हांचे आवाज काढतो." मी म्हटलं, मला एकच आवाज हवाय, गिटारचा, आणि तो काढायला फोन कशाला मधे? त्याने तोंड पाडलं.

तिसरा मात्र काय वाजला म्हणून सांगू! लोण्यासारखा. पण बावीस पौंड. मी उचलून दारापर्यंत गेले, परत आले, ठेवून दिला. "वर कोण नेणार हा, तू?" तो म्हणाला, "सोबत कोणी बोलावलं तर नेईन की." निर्लज्ज.

काही घेतलं नाही. उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी लिहिणार आहे, माझ्याकडे पाकिटं भरपूर आहेत.

रेथा


२३ मार्च

ट्रूला,

तुझं उत्तर नाही. ठीक.

अँप घेतला. साडेपाच पौंडांचा, खांद्याला लावायला पट्टा, पेन्सिलीएवढ्या आठ बॅटऱ्या. घ्यायच्या आधी डेलमरला म्हटलं, दुकानात सगळंच दांडगं वाटतं, भिंती आहेत ना. उघड्यावर काय होतं ते बघू दे. तो म्हणाला, दुकानाबाहेर नेऊ देत नाही. मी म्हटलं, मग मी दुकानातूनच जाते. नेऊ दिला.

चर्चमागच्या कुरणात आईला घडीच्या खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर गोधडी टाकली. मी पन्नास पावलं लांब गेले. सांगून ठेवलं होतं, ऐकू आलं की हात वर कर. वाजवलं, हात वर. आणखी दहा पावलं गेले, वाजवलं, हात वर. आणखी दहा. माझी छाती फुगली. मग मला शंका आली. नुसती उभी राहिले, काहीच वाजवलं नाही. हात वर!

जवळ जाऊन म्हटलं, "आई, मी आत्ता काय वाजवलं?"

"छान होतं. चल आता, बीन्स गॅसवर ठेवून आलेय मी."

पुन्हा सगळं केलं. या खेपेला बीन्सखालचा गॅस बंद करून आले होते. तीस पावलांपर्यंत तिला खरंच ऐकू येतं. कबरीभोवती माणसं उभी राहतात ती त्याहून जवळच. म्हणून घेतला.

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात लिहिलं की लाकडी गिटार न्यायला अवघड होते. ती काही अवघड होत नाही. मोज्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मोज्यांची टोकं शिवली, त्याने माझ्या बोटांची पेरं सुजून अक्रोड झालीत. लाकडी गिटारच्या जाड तारा दाबल्याच जात नाहीत. लाल गिटारच्या तारा बारीक आहेत, त्या दबतात. पण अँपशिवाय ती गिटार म्हणजे कोपऱ्यात पाल चुकचुकावी तेवढीच. आईला माहीत नाही. तिला सांगितलं तर ती बोटांना अस्वलाची चरबी चोळत बसेल.

तुला सांगितलं कारण तू लांब आहेस.

रेथा


११ एप्रिल

ट्रूला,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. पोस्टाच्या पेटीपाशीच वाचलं आणि तिथेच मोठ्याने तुला शिव्या दिल्या. पलीकडच्या बाईने खिडकी लावून घेतली.

ऑक्टोबरमध्ये तुझा गळा कापतात, गाठ काढतात, आणि मला एप्रिलमध्ये कळतं? तेही मी गाणं मागितलं म्हणून? "आवाज गेला आहे. कुजबुजल्यासारखा येतो. दुसरी कुणी बघ." दुसरी कुणी कोण? आईला दुसरी मुलगी मी आहे, आणि मी गायले तर कबरीतले उठून तळ्यात उड्या मारतील.

आणि मी मूर्ख समजत होते की तू रागावून येत नाहीस.

आता रागाचंही लिहून टाकते, म्हणजे ते एकदाचं मागे पडेल. नऊ वर्षांपूर्वी मी शेजारच्या बर्लचा जनरेटर लाँचमध्ये घातला आणि तो मोठा अँप वर चढवला. मला वाटलं, खाली लाँचपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. गेलंही. तुझं गाणं सोडून सगळं ऐकू गेलं. धडधड, धूर, आणि वरून मी. तू दुसऱ्या कडव्याला थांबलीस आणि टेकडी उतरून लाँचमध्ये जाऊन बसलीस. मी वरून ओरडले की एवढी नाजूक असशील तर घरी आरशासमोर गा. झाडून सगळ्या टीग खानदानासमोर. तू त्याच संध्याकाळी गेलीस. मी नऊ वर्षं लोकांना सांगत आले की ट्रूलाला राग फार. कुणी विचारलंच नाही की राग कशाचा, कारण सगळे तिथेच उभे होते.

झालं लिहून. पुढे.

कुजबुज का होईना, येतोय ना आवाज? मग तो मोठा करायचा. मी लगेच डेलमरकडे गेले. माझ्या अँपला एकच भोक, गिटारचं. मला दोन भोकांचा पाहिजे, एक गिटारचं, एक मायकचं, आणि दोघांची बटणं वेगळी. एकीने दुसरीला बुडवता कामा नये.

डेलमर म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही. याला तर बीन्सचा वास येतोय."

मी म्हटलं, "ट्रूलाचं गळ्याचं ऑपरेशन झालंय. तिच्या आवाजासाठी पाहिजे."

तो मागच्या खोलीत गेला, बराच वेळ आला नाही, मला वाटलं मागल्या दाराने जेवायला गेला की काय. मग एक चौकोनी काळा अँप घेऊन आला. दोन भोकं, दोन बटणं, आत सहा बॅटऱ्या, वजन साडेआठ पौंड. सोबत एक मायक, वापरलेला पण चांगल्या कापडात गुंडाळलेला. म्हणाला, "हा माझा आहे. परत आणून दे. तिनेच आणून दिला तरी चालेल." सहावीत तुझ्या बाकावर सफरचंद ठेवणारा हाच की त्याचा भाऊ?

तीन पौंड वाढले. मी रोज संध्याकाळी तो पाठीवर बांधून चर्चच्या पायऱ्या चढते-उतरते. पास्टरबाईंना वाटतंय माझा कसला नवस आहे.

मायकमध्ये मी कुजबुजून बघितलं. आई बाहेर ओसरीवर होती. कुजबुजले, "केक खायचा का?" ती आत आली बशी घेऊन.

ये.

रेथा


६ मे

ट्रूला,

"बघते" म्हणजे हो. तुझं मला माहीत आहे.

बस शुक्रवारी दुपारी साडेतीनला पोचते. मी स्टँडवर असेन. तुला वजन उचलू देत नाहीत, तेव्हा बॅगेत विटा भरून आणू नकोस. गळ्याला रुमाल बांधायचा तर बांध, नाहीतर राहू दे, इकडे कुणाचं काय काय कापलेलं नाही?

आईने क्रेप कागदाची दोनशे फुलं केलीत, मेणात बुडवून सुकत टाकलीत. घरात बसायला जागा नाही. तिला तुझ्या गळ्याचं सांगितलं. घाबरेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "गिळता येतं ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "तर मग रश्शातली मऊ डम्पलिंग करते." आणि पीठ काढलं.

यंदा एक अडचण आहे. आधीच्या रविवारी झऱ्याकाठच्या दफनभूमीची पाळी होती, पण वादळाचा अंदाज आहे, म्हणून लाँच सोडणाऱ्या पार्कवाल्यांनी त्यांनाही आपल्याच दिवशी घातलंय. एकच लाँच, एकच सामानाची गाडी, दोन दफनभूम्या. गर्दी होईल. लवकर निघू.

अँपच्या खोक्यावर नाव घालायचं तेवढं माझ्यावर सोड.

रेथा


२३ मे

ट्रूला,

तू काल गेलीस, आणि मी आज लिहायला बसले. आई म्हणते, आत्ता तर तिच्याशी चार दिवस बडबडलीस. मी म्हटलं, बोलायचं ते बोलले, आता सांगायचं ते लिहिते.

तुझ्यासमोर घडलं ते लिहीत नाही, फक्त चुकीचं तेवढं कबूल करते. खोक्यावर मी "टीग" असं लिहिलं. दरवर्षी तेच लिहितो आपण, डॅडी लिहायचे, त्यांचे डॅडी लिहायचे. यंदा गाडीत दोन दफनभूम्यांचं सामान, आणि झऱ्याकाठी पुरलेले सगळेसुद्धा टीगच. गाडीवाल्या लोनीची काय चूक? त्याने निम्मे टीग इकडे उतरवले, निम्मे तिकडे. आपण खोकं उघडलं तर आत सहा डझन भरली अंडी. तू हसलीस तेव्हा मला पहिल्यांदा तुझा नवा आवाज कळला. शिट्टीसारखा आहे. वाईट नाही.

तू म्हणालीस, राहू दे रेथा, नशिबातच नाही. आई खुर्चीवरून म्हणाली, "मी नऊ वर्षं थांबलेय. तासभर आणखी थांबते. तोवर अंडी द्या." मग लोनी आपलं खोकं आणायला गाडी घेऊन गेला आणि आपण डॅडींच्या कबरीवरची पानं ओढत बसलो. तेव्हा आपण काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि पोस्टवाल्याने वाचायचं काही कारण नाही.

आता तुला माहीत नाही ते.

झऱ्याकाठचा हर्शेल टीग आपला अँप घेऊन गाडीतून उतरला, तेव्हा तू पाठ करून रुमाल नीट करत होतीस. मी बटण दाबलं तर दिवा लाल. लाल म्हणजे बॅटरी संपत आली. मी हर्शेलला हळूच विचारलं, "काय केलंत रे याचं?" तो टोपी फिरवायला लागला.

अंडी म्हणून त्यांनी आपलं खोकं उघडलं. आत अँप आणि मायक. त्यांचे पास्टर कॉय म्हणाले, हे देवानेच पाठवलंय. आणि धरला मायक. तुला कॉय माहीत आहेत, मायक नसताना ते पाऊण तास बोलतात. बॅटऱ्या दमल्या तर हर्शेलच्या बायकोला खोक्याच्या तळाशी माझ्या जादाच्या सहा सापडल्या. त्यांनाही वाटलं देवाच्याच. त्याही घातल्या. त्यांचं प्रवचन काय सुंदर झालं म्हणे! आदामपासून सुरू करून धरणापर्यंत आणलं.

मी कुणालाच काही बोलले नाही. मनात हिशेब केला, दोघी वाजलो तर दुसऱ्या कडव्यालाच डबा गप्प होणार. दुसऱ्या कडव्याला तुला पुन्हा थांबवायची माझी तयारी नव्हती. म्हणून तुला सूर दिला, पहिली ओळ वाजवली, आणि माझं बटण शून्यावर नेलं. पुढे नुसती बोटं फिरवली. गाणं झाल्यावर तू म्हणालीस, "या खेपेला हळू वाजवलंस, बरं केलंस." मी हो म्हटलं.

तू डोळे मिटून गातेस, ते एक बरं आहे. पण त्यामुळे तुला दिसलं काहीच नाही, म्हणून सांगते. तुझा आवाज त्या डब्यातून आला तो आधी मला ओळखूच आला नाही. पूर्वी तू गायलीस की पोरं कान टवकारायची. आता तू कानात येऊन सांगितल्यासारखं गातेस, आणि ते चाळीस जणांच्या कानात एकदम. झऱ्याकाठचे टीग आपली अंडी मागायला लोनीच्या गाडीमागून चालत आले होते. ते फाटकातच थांबले. टोप्या काढल्या. हर्शेलच्या तोंडात अर्धं अंडं होतं, त्याने ते गाणं संपेपर्यंत चावलं नाही. पास्टर कॉयसुद्धा गप्प. हे मी लिहून ठेवतेय, कारण पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

आई पहिल्या कडव्याला नुसती ओठ हलवत होती, नेहमीसारखी तुझ्या एक शब्द पुढे. तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीला दिवा विझला. पण तुला कळलंही नाही, कारण नेमकी तेव्हाच आई मोठ्याने गायला लागली, आणि आईच्या आवाजाला अँप लागत नाही.

मी ठरवलं होतं, कुणाला सांगायचं नाही. पण आज सकाळी आम्ही ओसरीवर शेंगा सोलत होतो. आई म्हणाली, "ट्रूलाचा शब्द न् शब्द ऐकू आला मला. तुझी गिटार कुठे गेली होती?"

आता काय करू? सांगितलं. लाल दिव्याचं, कॉयच्या प्रवचनाचं, शून्यावरच्या बटणाचं, आणि जादाच्या बॅटऱ्या खोक्यात टाकल्या त्याचं. बोटांचंही सांगून टाकलं. तिने शेंगांची चांगली मोठी टोपली रिकामी केली. मग फडक्याला हात पुसून आत गेली, तिची काळी पर्स घेऊन आली, उघडून आत बघितलं, मधला कप्पा चाचपला.

म्हणाली, "पुढच्या वर्षी बॅटऱ्या माझ्याकडे दे. मी घेऊन येते."

रेथा